आजाराची नोंद आणि आजाऱ्याचे नाव

गेल्या महिन्यात एका रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीपाशी रांगेत उभी होते. माझ्या पुढे साठीच्या एक बाई होत्या. खिडकीतला तरुण त्यांना म्हणाला, "काकू, मोबाइलवर ओटीपी आला असेल, तो सांगा." बाईंनी पिशवीतून चष्मा काढला आणि सहाही आकडे मोठ्याने वाचून दाखवले. मागच्या पाचसहा जणांनी ते ऐकले. "कशाचा रे हा?" त्यांनी विचारले. "तुमचं आभा कार्ड काढतोय. आता लागतंच ते सगळ्यांना." बाईंनी मान डोलावली आणि केसपेपर घेऊन त्या बाकावर जाऊन बसल्या.

त्या तरुणाचे शेवटचे वाक्य खरे नव्हते. 'आभा' हा चौदा अंकी आरोग्य क्रमांक ऐच्छिक आहे. तो नाही म्हणून कोणाला उपचार नाकारता येत नाहीत. पण बाईंना ते कोणी सांगितले नाही. आणि खरे सांगायचे तर, मागे उभी असून मीही लगेच बोलले नाही. रांग मोठी होती, तो तरुण सकाळपासून तेच काम करत होता. आपली माहिती आपल्या हातून जाते ती बहुधा अशीच. त्यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, असते ती फक्त घाई.

यावरून आपल्या आजारांच्या नोंदी शासनाने ठेवूच नयेत, असे मी म्हणेन असे आपणांस वाटले असेल. तसे मला मुळीच म्हणायचे नाही. अशा नोंदींनी काय साधते हे आपल्याच मराठवाड्याच्या सीमेवर दिसून आले आहे, आणि ती हकिगत थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे.

एखाद्या ठरावीक प्रदेशातील कर्करोगाच्या प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवण्याचे काम भारतात प्रथम मुंबईत १९६३ साली सुरू झाले. पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, तोही आरंभी मुख्यतः मोठ्या शहरांत. खेड्यांत कर्करोग किती, कोणता आणि कोणत्या अवस्थेत सापडतो, हे कोणासच ठाऊक नव्हते. १९८७ मध्ये बार्शी येथील कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांतील ३४६ गावांसाठी देशातील पहिली ग्रामीण नोंदणी सुरू झाली. शहरातील नोंदणी रुग्णालयांच्या कागदांवर चालते. येथे तशी चालणार नव्हती, कारण आजारी माणूस रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले. लोकांशी बोलले, लक्षणे समजावून सांगितली, ज्यांना ती होती त्यांना तपासणीस येण्याची विनंती केली आणि गावात कोण कशाने गेले याची चौकशी केली.

त्यातून दिसले ते असे. खेड्यांत कर्करोगाचे एकूण प्रमाण मुंबईहून पुष्कळ कमी होते. परंतु स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वांत पुढे होता. लक्षणांविषयी गावांत बोलणे सुरू झाल्यावर हा आजार पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत सापडू लागला. नोंद घेणाऱ्यांनी नुसती मोजदाद केली असती तर एवढे घडले नसते, हे खरे. पण मोजदादच नसती तर आजार लवकर सापडू लागला आहे, हे तरी कशावरून कळले असते?

या अनुभवाच्या पायावर १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू झाला. ३० ते ५९ वर्षे वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. गावांचे चार गट पाडले. एका गटातील स्त्रियांची एचपीव्ही विषाणूसाठी एकदाच तपासणी झाली. इतर दोन गटांत वेगळ्या पद्धती वापरल्या. चौथ्या गटात नेहमीचीच व्यवस्था राहिली. आठ वर्षांनंतर एचपीव्ही तपासणीच्या गटात या कर्करोगाने ३४ स्त्रिया दगावल्या होत्या, तर चौथ्या गटात ६४. दोन्ही गटांतील स्त्रियांची संख्या जवळपास सारखी होती. २००९ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आज जागतिक आरोग्य संघटना याच तपासणीला पहिली पसंती देते, आणि तिच्या आधारांत धाराशिवच्या शेतांत राबणाऱ्या बायकांचे आकडे आहेत.

त्या चौसष्ट जणींविषयी मात्र एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे योग्य नाही. त्यांच्या गटाची तपासणी झाली नाही, त्यांना पुरेसे सांगून संमती घेतली होती का, यावर पुढे संशोधकांत तीव्र नैतिक वाद झाला. माझ्या मते तो वाद व्हायलाच हवा होता. ज्यांच्या आयुष्यातून ज्ञान मिळवायचे, त्यांना आपण काय देत आहोत हे कळलेच पाहिजे. नोंदणी खिडकीवरच्या त्या बाईंचा आणि या स्त्रियांचा प्रश्न प्रमाणाने फार वेगळा असला, तरी जातीने एकच आहे.

आता नावाकडे वळू. आपणांपैकी अनेक जण विचारतात, "आकडेच हवेत ना? मग नाव कशाला घेता?" प्रश्न रास्त आहे, परंतु उत्तर थोडे अडचणीचे आहे. समजा, बार्शीच्या एका स्त्रीचे निदान सोलापुरात झाले, शस्त्रक्रिया मुंबईत झाली आणि मृत्यूची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत झाली. नाव, वय आणि गाव जुळवून पाहिले नाही, तर ती एक स्त्री तीन रुग्ण म्हणून मोजली जाईल किंवा तिचा मृत्यू मोजला जाणारच नाही. म्हणून गोळा करताना नाव लागते. जपणूक त्यानंतर सुरू होते: नावाची यादी वेगळी, आजाराची यादी वेगळी, दोहोंना जोडणारा क्रमांक मोजक्या माणसांच्याच हाती, आणि बाहेर जाणार ते फक्त एकत्रित आकडे.

नाव खोडले म्हणजे काम झाले, असेही समजू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने नव्वदच्या दशकात आपल्या कर्मचाऱ्यांच्या रुग्णालयीन नोंदी नावे काढून संशोधनासाठी उपलब्ध करून दिल्या. नावे नाहीत म्हणजे कोणी ओळखू येणार नाही, असा भरवसा होता. लटान्या स्वीनी या तेव्हा विद्यार्थिनी असलेल्या संशोधिकेने वीस डॉलरांत केंब्रिज शहराची मतदार यादी विकत घेतली आणि जन्मतारीख, लिंग व टपाल विभाग या तीनच गोष्टी जुळवून त्या नोंदींतून राज्याचे गव्हर्नर विल्यम वेल्ड यांचा कागद शोधून काढला. त्यांच्या जन्मतारखेचे शहरात सहाच मतदार होते, त्यांतील तीन पुरुष, आणि त्या टपाल विभागात एकच.

आपल्याकडे तर याहूनही कमी पुरते. सहाशे वस्तीच्या गावात थॅलसेमिया असलेले सात वर्षांचे मूल म्हटले, की नाव सांगायची गरज उरत नाही. आणि कळल्याची किंमत कोण मोजते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. लग्नाच्या मुलीची आकडीची औषधे चोरून आणणारी घरे मी पाहिली आहेत. क्षयाचे औषध घेणाऱ्याला कामावरून सुट्टी मिळते, पण पुन्हा बोलावणे येईलच याची खात्री नसते. एचआयव्हीच्या बाबतीत संमतीवाचून कोणाची स्थिती उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई केली. तो कायदा करावा लागला, यातच सारे आले.

सर्वसाधारण माहितीसाठी आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य तरतुदी लागू होण्यासाठी त्यांत अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. या कायद्यानुसार संमती ऐच्छिक, विशिष्ट कारणापुरती आणि समजून दिलेली असावी लागते. ती देणे जितके सोपे, तितकेच मागे घेणेही सोपे असले पाहिजे. माहिती सांभाळण्यात कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. संशोधन व सांख्यिकीसाठी सवलत आहे, पण त्या माहितीवरून त्या विशिष्ट व्यक्तीविषयी निर्णय घेता येत नाही. ही सवलत मला आवश्यक वाटते. ती नसती तर बार्शीसारखी कामे ठप्प होतील. खटकते ते दुसरेच. आधीच्या मसुद्यात आरोग्याची माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. अंतिम कायद्यात तो भेद नाही. आपली वाणसामानाची यादी आणि आपला बायॉप्सीचा अहवाल कायद्याने एकाच पंगतीला बसवले आहेत.

आणखी एक गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. संमतीची सूचना इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय या कायद्याने दिला आहे. त्या बावीस भाषांत मराठी आहे.

'आभा'च्या रचनेविषयीही एक गैरसमज दूर करावयास हवा. आपले सर्व अहवाल दिल्लीत एका मोठ्या कपाटात जमा होतात, असे नाही. कागद ज्या त्या रुग्णालयाकडे किंवा प्रयोगशाळेकडेच राहतात. दुसऱ्या डॉक्टरांना ते पाहायचे असतील तर आपल्याकडे संमतीची विनंती येते, आणि कोणते कागद, कशासाठी, किती काळ हे तीत नमूद असते. रचना चांगली आहे. तिची दुबळी जागा म्हणजे त्या विनंतीवर न वाचता दाबलेले 'होय'. दुसरी दुबळी जागा रुग्णालयाचा स्वतःचा संगणक. नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर सायबर हल्ला झाला, तेव्हा कित्येक दिवस तेथील नोंदणी हाताने कागदावर करावी लागली. देशातील अग्रगण्य संस्थेची ही गत, तर कोपऱ्यावरच्या प्रयोगशाळेचे काय, हा विचार मनात येतोच.

घरच्या घरी आपणांस काय करता येईल? ओटीपी मोठ्याने वाचू नका. खिडकीवर विचारल्यास तो कशाचा, हे आधी विचारा. अहवाल कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकण्यापूर्वी तो ज्याचा आहे त्याला विचारा, मग ती सोळा वर्षांची मुलगी का असेना. आमच्या पिढीला हे शिकवावे लागते. सासूबाईंच्या सोनोग्राफीचा फोटो चाळीस नातेवाइकांना पाठवणारी सून प्रेमानेच पाठवते. 'आभा' क्रमांक काढला असेल तर त्याच्या ॲपमध्ये कोणाकोणाला संमती दिली आहे ते दिसते. नको असलेली तेथेच रद्द करता येते. क्रमांकच नको असेल तर तोही बंद करता येतो.

आणि जेथे नोंद द्यायला हवी, तेथे ती नीट द्या. घरात मृत्यू होतो तेव्हा कोणाचे लक्ष कागदाकडे नसते, हे मान्य. परंतु २०२० च्या अहवालानुसार देशातील नोंदलेल्या मृत्यूंपैकी साडेबावीस टक्क्यांनाच डॉक्टरांनी प्रमाणित केलेले कारण होते. उरलेल्यांत मधुमेहाने किती गेले, मूत्रपिंड निकामी होऊन किती, हे देशाला नेमके कळत नाही. ज्यांना ते कारण मिळते, त्यांच्यातही 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिलेले कितीतरी दाखले मी पाहिले आहेत. हृदय तर प्रत्येकाचेच बंद पडते. ते कशामुळे, हा प्रश्न असतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर मृत्यूच्या कारणाच्या प्रमाणपत्राची एक प्रत जवळच्या नातेवाइकाला मिळाली पाहिजे. ती मागून घ्या, वाचा, आणि वडिलांना वीस वर्षे मधुमेह होता ही गोष्ट त्यात आली नसेल, तर प्रमाणपत्र देणाऱ्या डॉक्टरांना शांतपणे तेवढे सांगा.

त्या दिवशी केसपेपर घेऊन मी त्या बाईंच्या शेजारी बाकावर जाऊन बसले आणि उशिरा का होईना, आभा क्रमांक ऐच्छिक असल्याचे त्यांना सांगितले. त्यांनी थोडा विचार केला. "असू दे," त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी फाईल विसरले तर बरं पडेल. पण डोळ्यांच्या डॉक्टरांना माझं बाकीचं दिसायला नको. तसं करता येतं का?" येते, असे मी म्हणाले, आणि आम्ही दोघींनी चष्मे लावून त्यांचा फोन उघडला.