उनपदेवच्या गरम पाण्याने गुडघेदुखी जाते का?

सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यात अडावदजवळ उनपदेवचा गरम पाण्याचा झरा आहे. प्रभू राम आणि शरभंग ऋषींची आख्यायिका या जागेशी जोडलेली आहे. त्वचारोग बरा व्हावा म्हणून लोक इथे आंघोळीला येतात; दुखरे गुडघे घेऊन येणारेही असतात. त्यांची आशा कितपत खरी?

आराम का पडतो?
गरम पाण्याने स्नायू सैल होतात. पाणी शरीराचा भार उचलते, त्यामुळे गुडघा कमी दुखतो आणि सहज हलतो. पण झिजलेली कूर्चा पाण्याने पुन्हा तयार होत नाही.

अभ्यास काय सांगतो?
फ्रान्समध्ये गुडघ्याची झीज झालेल्या साडेचारशेहून अधिक रुग्णांवर झालेली चाचणी 2010 मध्ये प्रसिद्ध झाली. एका गटाने घरी व्यायाम केला. दुसऱ्याने व्यायामासोबत 18 दिवस गरम पाण्याचे फवारे, मालिश, चिखलाचा लेप आणि कुंडातील व्यायाम असे उपचार घेतले. सहा महिन्यांनी पहिल्या गटात सुमारे 36 टक्के, तर दुसऱ्यात सुमारे 51 टक्के रुग्णांना जाणवण्याजोगा फरक पडला. मात्र कोणता उपचार मिळतोय हे रुग्णांना माहीत होते. जीवनमानाच्या मोजणीत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही.

म्हणजे फायदा आहे, पण तो 18 दिवसांच्या देखरेखीखालील उपचारांचा आणि व्यायामाचा. एका डुबकीकडून तेवढी अपेक्षा ठेवणे चूक आहे.

घरी काय करावे?
खुर्चीवर बसून पाय सरळ करा, पाच ते दहा सेकंद धरा, दहा वेळा. रोज. गरम पाण्यात पिळलेल्या टॉवेलने 15 मिनिटे शेका. वजन एक किलो घटले, तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. उकिडवे बसणे टाळा.

कोणी सांभाळावे?
मधुमेहाने पाय बधिर झालेल्यांना चटका कळत नाही. त्यांनी पाणी आधी दुसऱ्याकडून तपासून घ्यावे. हृदयविकार असल्यास डॉक्टरांना विचारावे. जखम असल्यास कुंडात उतरू नये. गुडघा लाल, सुजलेला आणि सोबत ताप असेल तर थेट दवाखाना गाठावा.

खरी गरज कशाची?
कापूस वेचणाऱ्या, दिवसभर वाकून निंदणी करणाऱ्या बाईला मजुरी बुडवून 18 दिवस कुठे जाता येणार? जळगाव-धुळ्यात तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात आठवड्यातून एक दिवस तरी गुडघ्याचे व्यायाम शिकवणारा फिजिओथेरपिस्ट बसायला हवा. त्याला मोठी यंत्रे लागत नाहीत. उनपदेवला श्रद्धेने जरूर जावे, पण गुडघ्याचा इलाज गावाजवळ मिळाला पाहिजे.