काळा टॅग कोणी बांधायचा?

यंदा फराळाच्या ताटात आम्ही एक जड विषय वाढला आहे: रणभूमीवर आणि आपत्तीत जखमींवर उपचार करताना कृत्रिम बुद्धिमत्तेला किती मुभा द्यायची?

सणाच्या अंकात हे कशाला, असं कुणी म्हणेल. किल्लारीची माणसंही विसर्जन आटोपूनच झोपली होती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात दगडमातीची घरं त्यांच्यावर कोसळली. अशा वेळी डॉक्टर मोजके आणि जखमी शेकड्यांनी, म्हणून रंगांचे टॅग बांधतात. लाल तातडीचा, पिवळा थोडा थांबू शकणारा, हिरवा चालता-बोलता आणि काळा मृत किंवा आशा उरली नाही असा. हुद्दा न बघता जखम बघून क्रम लावण्याची शिस्त नेपोलियनच्या सैन्यातल्या दोमिनिक लारे या शल्यविशारदाची.

जिथे अनुभवी डॉक्टरांचंही एकमत होत नाही, तिथे यंत्राच्या निर्णयावर माणूस विसंबेल का, हे तपासण्याचा कार्यक्रम अमेरिकेच्या ‘दार्पा’ या संरक्षण संशोधन संस्थेने २०२२मध्ये जाहीर केला. आपल्याकडे अशा प्रसंगांसाठी ‘भीष्म’ आहे: ७२ छोट्या पेट्यांचं, विमानातून खाली सोडता येणारं, सुमारे २०० जखमींपुरतं फिरतं रुग्णालय. २०२४मध्ये असे चार संच भारताने युक्रेनला दिले.

आमच्या मते यंत्राची खरी गरज पहिल्या निवाड्यात नाही, नंतरच्या पहाऱ्यात आहे. ढिगाऱ्याखाली पाय चिरडलेला माणूस बाहेर येतो, बोलतो, पाणी मागतो. त्याला पिवळा टॅग बांधून डॉक्टर पुढे जातो. इकडे पायावरचा दाब सुटताच चिरडलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम रक्तात उतरतं आणि हृदयाची लय बिघडते. त्या गर्दीत त्याच्याकडे पुन्हा बघायला कुणाला सवड असते? यंत्र कंटाळत नाही. त्याने तिथे ओरडावं.

मात्र आधी त्याला नीट दिसतं का, हे बघा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरने कृष्णवर्णीयांमधली ऑक्सिजनची घट गोऱ्यांच्या तुलनेत जवळपास तिप्पट वेळा हुकवली, असं २०२०च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. परदेशी नोंदींवर शिकलेली प्रणाली मराठवाड्यातल्या उन्हाने रापलेल्या कातडीवर तपासल्याशिवाय वापरायची, हा उतावीळपणा झाला.

आणि काळा टॅग डॉक्टरनेच बांधावा, स्वतःचं नाव लिहून. नातेवाईक जाब विचारायला येतील तेव्हा समोर माणूस हवा. आमच्या एका लेखकाला हा हट्ट भाबडा वाटतो. दमलेल्या डॉक्टरच्या चुकीचा जाब तरी आजवर कुणी घेतला, असं तो विचारतो. त्याचा लेख आम्ही या विभागात पहिला ठेवला आहे.