गुप्तदान आणि इसार



माझ्या माहेरी दशलक्षण पर्वात 'उत्तम त्याग'च्या दिवशी बस्तीतली दानपेटी उघडत. जाजम अंथरून सगळ्यांच्या देखत पैसे मोजायचे. आप्पांकडे बरीच वर्षं बस्तीचा हिशोब होता. ते चष्मा लावून एकेक नाव नि रक्कम वाचायचे आणि शेवटी म्हणायचे, "गुप्तदान, इतके रुपये." त्या शब्दाचं मला फार अप्रूप होतं. आई सांगायची, पैशाचा लोभ सोडणं सोपं, नावाचा लोभ सोडणं अवघड.

२०१७ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी निवडणूक रोख्यांची घोषणा केली, तेव्हा मला हाच शब्द आठवला होता. पक्षांना देणगी द्यायची असेल तर स्टेट बँकेतून रोखा घ्यायचा, त्यावर देणाऱ्याचं नाव नाही, पक्षाने तो पंधरा दिवसांत वटवायचा. आमचे हे म्हणाले, "चांगलं झालं, पोत्यातून पैसे जाण्यापेक्षा बँकेतून जातील." मलाही पटलं. खोटं कशाला सांगू, मी मैत्रिणींनाही पटवून दिलं होतं.

त्याच वेळी कायद्यात आणखी काय बदललं, ते मी वाचलंच नव्हतं. आधी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच देणगी देता यायची. म्हणजे सरासरी एक कोटी नफा असेल, तर फार तर साडेसात लाख. ती मर्यादाच काढून टाकली. कोणत्या पक्षाला किती दिले, हे नफा-तोटा पत्रकात दाखवण्याची अटही गेली. ज्या कंपनीला नफाच नाही, तीही कोट्यवधी देऊ शकत होती. घर चालवणारी कुठलीही बाई विचारेल, कमाई नाही तर हे पैसे आले कुठून?

१५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ही योजना घटनाबाह्य ठरवली. पक्षाला पैसा कोण देतो, हे जाणून घेण्याचा मतदाराला हक्क आहे, असं सांगितलं. स्टेट बँकेने माहिती द्यायला ३० जूनपर्यंत मुदत मागितली, म्हणजे लोकसभेचं मतदान उरकल्यावर. न्यायालयाने ती नाकारली आणि १४ मार्चला याद्या लोकांसमोर आल्या.

त्या रात्री स्वयंपाकघर आवरून मी मोबाईलवर ती यादी बघत बसले. सगळ्यात मोठी खरेदीदार कोण, तर लॉटरीच्या व्यवसायातली एक कंपनी, १,३६८ कोटी रुपये. दुसऱ्या क्रमांकावर सरकारी कामांची कंत्राटं घेणारी कंपनी. सामान्य माणसासाठी एक हजाराचाही रोखा होता म्हणे, पण नव्वद टक्क्यांहून जास्त रक्कम एक कोटीच्या रोख्यांची होती. सर्वाधिक पैसा केंद्रात सत्तेवर असलेल्या भाजपला मिळाला. तृणमूल, काँग्रेस आणि राज्याराज्यांतले सत्ताधारी पक्षही मागे नव्हते. काही कंपन्यांनी छापे पडल्यानंतर रोखे घेतल्याच्या बातम्या आल्या. देणगीच्या बदल्यात काय मिळालं, याची विशेष चौकशी व्हावी ही मागणी मात्र ऑगस्टमध्ये न्यायालयाने मान्य केली नाही. ते वाचलं आणि मन खरंच उतरलं.

मला तेव्हा आप्पांची एक गोष्ट आठवली. एका माणसाने मानस्तंभाच्या कामासाठी मोठी रक्कम आणून दिली होती. नाव नको म्हणाला. उठता उठता हळूच बोलला, "बस्तीची ती शेतजमीन यंदा खंडाने द्यायची आहे ना, तेवढं लक्षात ठेवा." आप्पांनी पिशवी परत केली. कमिटीतले काही जण चिडले, बांधकाम अडलं होतं. आप्पा एवढंच म्हणाले, "हे दान नव्हे, इसार आहे."

फरक तोच आहे. गुप्तदानात घेणाऱ्यालाही कळत नाही कुणी दिलं, म्हणून बदल्यात काही मागताच येत नाही. रोख्यांत देणारा आपलं नाव पक्षाच्या कानात सांगायला मोकळा होता. पत्ता नव्हता तो फक्त तुम्हाला आणि मला. ज्याची जमीन, त्यालाच इसाराची खबर नाही!

पण नुसती पुढाऱ्यांना नावं ठेवून मी गप्प बसू शकत नाही, कारण ही सवय आपल्यातही आहे. पंचकल्याणकात मोठी बोली घेणाऱ्याला आपण पहिल्या रांगेत बसवतो. पैसा कसा मिळवला, हे विचारणं अशुभ मानतो. अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणंही येतं, हे स्वाध्यायात आपण पाठ करतो. आणि मी स्वतः? न्हाणीघराच्या फरश्या घेताना दुकानदाराने विचारलं, "वहिनी, बिल करू का?" दोन-तीन हजार वाचतात म्हणून मी नको म्हटलं. मग कर चुकवणाऱ्या कंपनीवर रागवायला मी कोणत्या तोंडाने जाऊ?

मतदानाच्या आदल्या दिवशी मी ह्यांना म्हणाले, "यंदा जायचंच नाही, सगळे सारखेच." ते म्हणाले, "आप्पा असते तर?" मी गप्प झाले. आप्पांनाही कमिटीतल्या सगळ्यांवर भरवसा नव्हताच. म्हणून तर ते सगळ्यांच्या देखत पैसे मोजायचा आग्रह धरायचे. भरवसा उडाला म्हणून त्यांनी जाजम गुंडाळून ठेवलं नाही. हे रोखेही पडले, कारण काही संस्था आणि माणसं सहा-सात वर्षं न्यायालयात हिशोब मागत राहिली.

सकाळी आम्ही दोघं जाऊन मत देऊन आलो. मन अजून खट्टूच आहे, ते लपवत नाही. पण त्यानंतर घरात बिनबिलाची वस्तू आणलेली नाही. आणि या पर्वात बस्तीचा वर्षाचा हिशोब सगळ्यांसमोर वाचावा, असं मी कमिटीला लिहून दिलं आहे. तुमच्या गावात वाचतात का हो? नसतील, तर एकदा विचारून बघा.