मांजराची फणी

पुण्या-मुंबईकडे पाळीव मांजरांना स्नान घालून, केंस विंचरून, नखें कापून देणारीं दुकानें निघालीं आहेत. आपल्या मांजरालाहि तेथें न्यावें काय, असा प्रश्न विद्यार्थिमित्रांस पडेल.

दिग्रसच्या घरांत उंदरांवर पहारा करणाऱ्या आखूड केंसांच्या देशी मांजराला त्याची गरज नाहीं. त्याची फणी त्याच्या जिभेवरच असते. जिभेवरील कांटे टोकाशीं पोकळ असून ते लाळ केंसांच्या मुळापर्यंत पोहोंचवितात, हें २०१८ सालीं अमेरिकेंतील संशोधकांनीं दाखविलें. मात्र मांजरानें अंग चाटणें सोडलें, तर तें आजारी समजून पशुवैद्याकडे न्यावें.

लांब केंसांच्या पर्शियन मांजराची गोष्ट निराळी. त्याचे केंस नित्य न विंचरल्यास जटा होऊन कातडी ओढली जाते. ती पातळ असल्यामुळें जटा घरीं कात्रीनें कापूं नयेत. तेथें जाणता माणूसच हवा. फिनेल किंवा कुत्र्यांच्या पिसवांवरील पर्मेथ्रिनचें औषध तर मांजराला कधींहि लावूं नये. तें त्याला विषासमान आहे.

पालकहो, रोज दहा मिनिटें देणें शक्य नसेल, तर असें मांजर घरीं आणूंच नये. पैसे देऊन केंस विंचरून घेतां येतात. आपल्या वाटची दया मात्र दुसऱ्याकडून करवितां येत नाहीं.