प्रेक्षकाचे मत आणि शुक्रवारचा निकाल

चित्रपट पाहून घरी परतणाऱ्या कुटुंबात जी चर्चा रंगते, तिला समीक्षा म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. रिक्षात सुरू होऊन रात्रीच्या जेवणापर्यंत चालणाऱ्या या चर्चेत ना छायाचित्रणाची परिभाषा असते, ना दिग्दर्शकाच्या शैलीचा ऊहापोह. तथापि मराठी चित्रपट बव्हंशी या चर्चेवरच जगत आला आहे. मोठ्या जाहिरातीचा खर्च त्याला परवडत नाही. शेजारणीने शेजारणीला सांगितलेले ‘एकदा पाहून याच’ हीच त्याची जाहिरात.

२०२३ या एका वर्षातील तीनच चित्रपट घ्यावेत. जानेवारीत आलेल्या परेश मोकाशी यांच्या ‘वाळवी’बद्दल सामान्य प्रेक्षक म्हणाला, ‘यातल्या एकाही पात्राविषयी माया वाटत नाही, पण जागचे उठवत नाही.’ पत्नीचा काटा काढू पाहणाऱ्या पतीच्या या विनोदी थरारकथेचे याहून नेमके वर्णन पानभर लिहूनही साधणे कठीण. जूनअखेरीस आलेल्या केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’ला तर महिलांनी डोक्यावर घेतले. नटूनथटून, भिशीच्या आणि सोसायटीच्या मैत्रिणींसह त्या चित्रपटगृहात गेल्या. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींच्या कथेत योगायोग फार आहेत, अशी तक्रार चोखंदळांनी केली. ती अगदीच निराधार नव्हती. परंतु पन्नाशीच्या गृहिणीला पडद्यावर मध्यवर्ती स्थान मिळालेले किती वर्षांनी दिसले, हे त्या तक्रारीच्या हिशेबात नव्हते. प्रेक्षक महिलांनी नेमके तेच पाहिले.

तिसरा चित्रपट सुजय डहाके यांचा ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलेल्या पुस्तकावरचा हा कृष्णधवल चित्रपट दिवाळीत प्रदर्शित झाला. ‘अत्र्यांची सर नाही’ हे ज्येष्ठांचे मत ठरलेलेच होते; वनमालाबाईंची आई ज्यांच्या मनात घर करून आहे, त्यांना दुसरी आई पटणे अवघडच. मात्र आचार्य अत्र्यांचा चित्रपट १९५३ सालचा. त्या वेळी गुरुजींना जाऊन जेमतेम तीन वर्षे झाली होती आणि प्रेक्षक त्यांना प्रत्यक्ष ओळखत होता. आजच्या दहा वर्षांच्या मुलाला गुरुजी कोण, इथपासून सांगावे लागते. ते काम नव्या चित्रपटाने केले, एवढे श्रेय द्यावयास हरकत नसावी.

अडचण मताची नाही, वेळेची आहे. कर्णोपकर्णी होणाऱ्या प्रसिद्धीला निदान दोन आठवडे लागतात. बहुपडदा चित्रपटगृहे मात्र शुक्रवार ते रविवारच्या गल्ल्यावर निकाल लावून मोकळी होतात. ‘श्यामची आई’समोर त्याच दिवाळीत ‘टायगर ३’ उभा होता. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून ‘वाळवी’चे नाव जाहीर झाले ते ऑगस्ट २०२४ मध्ये, ‘श्यामची आई’चे ऑगस्ट २०२५ मध्ये. तोवर दोन्ही चित्रपटांचे खेळ केव्हाच संपले होते. पुरस्काराची बातमी वाचून तिकीट काढायला निघालेल्या रसिकाने जावे कुठे?

२०१५ साली राज्य शासनाने मराठी चित्रपटासाठी सायंकाळची वेळ राखण्याची घोषणा केली, तेव्हा केवढा गदारोळ उठला! अखेर ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी ऐसपैस झाली. नोकरदार माणसाला आठवड्याच्या मधल्या दिवशी दुपारी दोनचा खेळ हा असून नसल्यासारखाच. पहिल्या आठवड्याची गर्दी कितीही असो, दुसऱ्या आठवड्यात सायंकाळचा निदान एक खेळ कायम राखावा, ही मागणी चित्रपटगृहचालकांनाही जड जाऊ नये.

प्रेक्षकाची बाजूही मात्र स्वच्छ नाही. ‘चांगला आहे म्हणतात, टीव्हीवर येईल तेव्हा पाहू’ हे वाक्य मराठी घरांत जितक्या सहजपणे उच्चारले जाते, तितके अन्यत्र क्वचितच ऐकू येत असेल. तेच कुटुंब सुट्टीच्या दिवशी हिंदी चित्रपटाची चार तिकिटे आणि तिकिटांहून महाग मक्याच्या लाह्या विनातक्रार घेते. मग ‘आमच्याकडे मराठी चित्रपट लागतच नाहीत’ असे सोमवारी सांगते.