नळ कोरडा, रजिस्टरही कोरडं

चार दिवस आमच्या गल्लीत पाण्याचा थेंब नव्हता. पाचव्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसात गेलो. साहेबाने रजिस्टर उघडलं, त्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाला, 'तुमच्याकडून तक्रारच नाही. म्हणजे पाणी चालू आहे.'

दोस्तहो, चार दिवस आमच्या आयाबाया हंडे घेऊन तीन गल्ल्या ओलांडत होत्या. चावीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होत्या. पण शिवी रजिस्टरात चढत नाही. आणि मी? तिसऱ्या दिवशी रात्री मी बुद्धविहारात महाडवर भाषण ठोकत होतो. टाळ्या पडल्या. घरी आलो तर माठ रिकामा. एक ओळ लिहायची अक्कल मला आली नाही.

आमच्यातले काही म्हणतात, अर्ज म्हणजे भीक. पटत नाही मला. महाडचंच बघा. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळं खुलं केलं. कागदावर! पाण्याला हात लागला तो २० मार्च १९२७ ला, बाबासाहेब हजारो माणसं घेऊन गेले तेव्हा. मग सवर्ण कोर्टात गेले आणि ती लढाई १९३७ साली हायकोर्टात जिंकेपर्यंत दहा वर्षं कागदावरच चालली. नुसत्या कागदाने पाणी मिळालं नाही हे खरं. पण बाबासाहेबांनी कागद सोडला होता का?

अलीकडचं घ्या. १५ डिसेंबर २०१४ ला मुंबई हायकोर्टाने पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं, झोपडी बेकायदा म्हणून माणसाचं पिण्याचं पाणी तोडता येणार नाही, पाणी हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तरी काउंटरवर पहिला सवाल काय? 'झोपडी कुठल्या सालची?' तानसाची पाइपलाइन आमच्या उशाशी, आणि आम्ही पुरावे काढत बसायचं!

तेव्हा आता लिहा. 'पाणी येत नाही, कृपा करा' असलं नको. कुठला नळ, किती तारखेपासून, रोज किती वाजता यायचं, किती घरं, गढूळ येतं का, वास येतो का, किती पोरांना जुलाब झाले. दोन प्रती करा, एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. १९१६ वर फोन केलात तर तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय ठेवू नका. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून विचारा, माझ्या तक्रारीवर कोणी काय केलं. तीस दिवसांत सांगणं त्यांना भाग आहे.

गढूळाचं मुद्दाम सांगतो. पाणी बंद झालं की पाइप रिकामा होतो, आणि फुटक्या जागेतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. पाणी परत आलं की पहिल्या हंड्यात तेच. तो हंडा ओतून द्यायला आईचा जीव होत नाही, कारण चार दिवसांनी आलेलं असतं ना ते! म्हणून पोरं आजारी पडतात, आणि दवाखान्यात सांगतात, घाणेरडं राहता.

आमच्या गल्लीचा अर्ज परवा दिला. सगळ्यांत वर अंगठा आहे एका म्हातारीचा. क्लार्क म्हणाला, 'अंगठे कशाला, एकाची सही पुरे.' ती म्हणाली, 'पानी काय येकट्यानंच पितो का रं?' शिक्का मारला त्याने. हंडे अजून रांगेतच आहेत. सोमवारी तेच घेऊन जाणार आहोत, आवक क्रमांकासकट.