फोटो रुग्णाचा, अर्थ कोणाचा?

गडचांदूरच्या परिसरातील चुनखडीवर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. खाणीत, गिरणीत किंवा दगडफोडीवर राबणाऱ्या मजुराला खोकला जडला की छातीचा फोटो काढला जातो. रोजी त्याची बुडते, छाती त्याची असते. पण हाती पडलेली काळी फिल्म आणि इंग्रजी अहवाल त्याच्यापुरते मुकेच राहतात. ज्या घरात गोंडी, कोलामी वा तेलुगू बोलली जाते, तेथे तर मराठीतले दोन शब्दही अपुरे पडतात.

समजावून सांगणे हे डॉक्टरांचे सौजन्य मानले जाते. वस्तुतः प्रश्न हक्काचा आहे. सिलिकायुक्त धुळीने होणारा सिलिकोसिस हा कायद्याने मान्य केलेला व्यवसायजन्य रोग आहे. फोटोत तो क्षयासारखा दिसू शकतो, आणि दोन्ही रोग एकाच छातीत नांदूही शकतात. डाग क्षयाचा ठरला तर दोष नशिबाचा. धुळीचा ठरला तर जबाबदारी मालकाची आणि भरपाईचा हक्क मजुराचा. अशा वेळी मौन कोणाच्या पथ्यावर पडते, हे सांगायला नको.

बाह्यरुग्ण विभागातील गर्दीत डॉक्टरांना वेळ नसतो, हा आक्षेप खरा आहे. पण शेजारच्या गडचिरोलीत ‘सर्च’ने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना नवजात बालकांचा न्यूमोनिया ओळखून उपचार करण्यास शिकविले. तेथे जे साधले, त्या मानाने फोटोचा अर्थ रुग्णाच्या भाषेत सांगणारा आरोग्यसेवक तयार करणे कठीण नाही.

कायद्यालाही हे अशक्य नाही. चळवळीच्या रेट्यामुळे महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा केला. १९९४ चा केंद्रीय कायदा त्यानंतरचा. आज प्रत्येक सोनोग्राफी केंद्रात स्थानिक भाषेतील फलक सक्तीचा आहे. काय सांगायचे नाही हे भिंतीवर लिहिता येते. मग काय सांगितलेच पाहिजे, हे का लिहिता येऊ नये?

तपासणी कशासाठी, तीत काय आढळले आणि पुढे काय करायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे रुग्णाच्या भाषेत, लेखी, फिल्मसह मिळावीत, ही मागणी कामगार संघटनांनी वेतनाच्या मागणीइतक्याच आग्रहाने मांडली पाहिजे. तोवर कार्यकर्त्याने एवढे तरी करावे: खुंटीवर टांगलेली ती पिशवी उतरवून मजुराबरोबर पुन्हा दवाखान्यात जावे.